पट्टी खाली, धूर वर

"डॉक्टर, आमच्या घरात कुणीही सिगारेटला हात लावलेला नाही. मग ह्याला हे शिकवलं कुणी?"

दहावीतल्या मुलाच्या दप्तरात लायटर आणि अर्धी ओढलेली सिगारेट सापडली, म्हणून त्याला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. मुलगा खाली मान घालून बसला होता. वडील "मित्रच वाईट" असं म्हणून मोकळे झाले. मित्र वाईट हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं असतं. त्या मित्राचे आईवडीलही दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात बसून तुमच्या मुलाबद्दल हेच म्हणत असतात.

मी मुलाला विचारलं, "कुणाची स्टाइल मारत होतास?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली, थोडासा हसला आणि एका नटाचं नाव घेतलं. आईला धक्का बसला, कारण तो नट तिलाही आवडतो आणि त्याचे सिनेमे सगळं घर एकत्र बसून बघतं.

आज मला या शिक्षकाबद्दल लिहायचं आहे. तो टपरीवर नसतो. तो तुमच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला असतो आणि रात्री मुलाच्या पांघरुणात असतो.

"पण डॉक्टर, सिनेमात खाली सूचना येते की!" येते. आपल्याकडे २०१२ पासून नियम आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश दाखवायचा, दुष्परिणाम सांगणारं निवेदन ऐकवायचं आणि तंबाखू पडद्यावर दिसत असेल तोवर खाली इशाऱ्याची पट्टी ठेवायची. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हे लागू झालं. कागदावर आपले नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत. तरीही मी म्हणतो की ही पट्टी तुमच्या मुलासाठी नाही, ती निर्मात्यासाठी आहे. पट्टी टाकली की त्याची जबाबदारी संपते आणि सेन्सॉर बोर्डाचीही. पट्टी पाहिली की आई-बापही निर्धास्त होतात. एक मुलगा सोडला तर सगळ्यांचं काम झालेलं असतं. त्याची नजर खालच्या पट्टीवर नसते, वरच्या चेहऱ्यावर असते.

तुम्हीच आठवून पाहा. आधी बूट दिसतात, मग धूर, आणि मग संगीताच्या ठेक्यावर चेहरा. नायक पडद्यावर येण्याआधी त्याची सिगारेट येते. चित्रपटातली सिगारेट ही नुसती वस्तू नसते, तो एक संवाद असतो. नायक चिडला आहे, विचार करतो आहे, त्याचं प्रेम मोडलं आहे, तो कुणाच्या बापाला घाबरत नाही, हे सगळं लेखकाला शब्दांत लिहावं लागत नाही. एक काडी ओढली की झालं. 'हम दोनों' १९६१ चा. त्यात देव आनंद चिंता धुरात उडवून देतो, ते गाणं आजही लोक हौसेने गातात. रजनीकांतची सिगारेट हवेत उडवून ओठात पकडायची लकब किती पोरांनी खडूच्या तुकड्यावर घोटवली असेल! 'केजीएफ' च्या दुसऱ्या भागात (२०२२) नायक गोळ्या झाडून लालबुंद झालेल्या मशीनगनच्या नळीवर सिगारेट पेटवतो. त्या चित्रपटाला प्रमाणपत्र होतं यू/ए, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा. थिएटरात त्या क्षणी शिट्ट्या वाजत असताना कोणते पालक कोणतं मार्गदर्शन करत होते, हे मला माहीत करून घ्यायला आवडेल.

तो चित्रपट आला त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादची एक बातमी आली होती. पंधरा वर्षांच्या एका मुलाने त्या नायकाच्या भारावलेपणात अख्खं पाकीट ओढलं आणि घसा व खोकल्याच्या तीव्र त्रासाने त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. बातमी झाली, कारण तो आजारी पडला. जो मुलगा एकच ओढतो, खोकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक ओढतो आणि मग खोकत नाही, त्याची बातमी होत नाही. माझ्या दृष्टीने धोक्यातला मुलगा हा दुसरा आहे.

आता पुराव्याकडे वळू. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या १० ते १४ वर्षांच्या, कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलांनी कोणकोणते चित्रपट पाहिले आहेत याची नोंद संशोधकांनी घेतली. त्या चित्रपटांत धूम्रपानाचे प्रसंग किती होते ते मोजलं आणि साधारण एक ते दोन वर्षांनी त्यांतल्या २,६०३ मुलांना पुन्हा गाठलं. ज्यांनी असे प्रसंग सर्वांत कमी पाहिले होते, त्या गटात शंभरातल्या ३ मुलांनी सिगारेट ओढून पाहिली होती. सर्वांत जास्त पाहिलेल्या गटात शंभरातल्या १७ मुलांनी.

इथे हुशार वाचक मला अडवेल. जी मुलं मुळातच बंडखोर, धाडसी, अभ्यासात मागे, तीच असले चित्रपट जास्त बघत असतील आणि तीच सिगारेटही ओढत असतील. मग दोष चित्रपटाचा कसा? शंका रास्त आहे, आणि ती संशोधकांनाही आली होती. मुलाचा स्वभाव, शाळेतली प्रगती, मित्र आणि घरचे ओढतात का, आई-वडिलांची शिस्त, या सगळ्याचा हिशेब वजा केल्यावरही जास्त पाहणाऱ्यांचा धोका सुमारे २.७ पट उरला. त्या मुलांमध्ये सुरू झालेल्या धूम्रपानापैकी साधारण निम्मं पडद्यामुळे झालं, असा त्यांचा अंदाज निघाला. पुढे इतर देशांतूनही याच दिशेचे निष्कर्ष आले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्टच म्हटलं, की चित्रपटातलं धूम्रपान आणि तरुण मुलांनी ते सुरू करणं यांत कार्यकारण संबंध आहे. 'कार्यकारण' हा शब्द आमच्या क्षेत्रात सहज वापरला जात नाही, हे लक्षात घ्या.

आणि 'लॅन्सेट' मधल्या त्याच अभ्यासात त्या आईच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. पडद्याचा परिणाम कोणावर जास्त झाला? ज्यांचे आई-वडील सिगारेट *ओढत नव्हते*, त्यांच्या मुलांवर!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही उलटंच वाटलं होतं. पण जरा विचार केला तर पटतं. ज्या घरात बाप सकाळी उठून अर्धा तास खोकतो, बेसिनमध्ये थुंकतो, ज्याच्या शर्टाला आणि मिशांना वास येतो, त्या घरातल्या मुलाला सिगारेटचं खरं रूप माहीत असतं. नायकाने कितीही ऐटीत धूर सोडला तरी त्याला बापाचा खोकला आठवतो. निर्व्यसनी घरातल्या मुलाने सिगारेट फक्त पडद्यावर पाहिलेली असते, आणि पडद्यावर तिला वास नसतो. तिथे कुणाचे दात पिवळे नसतात, जिना चढताना कुणाला धाप लागत नाही, तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन कुणाचं बोट कापावं लागत नाही. तुमच्या घरातल्या चांगल्या वातावरणानेच त्याची ही एक बाजू उघडी राहिली. तेव्हा "आमच्या घरात कुणी ओढत नाही" या वाक्यावर विसंबू नका.

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे संस्कार वेगळे." बरं, दिल्लीचं सांगतो. २००९ मध्ये तिथल्या १२ शाळांमधल्या सुमारे चार हजार मुलांवर असाच अभ्यास झाला. वय १२ ते १६, चित्रपट आपले हिंदी, लोकप्रिय. हा अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचा होता, त्यामुळे तो 'लॅन्सेट'च्या तोडीचा भक्कम नाही, हे मान्य. पण निष्कर्ष तोच. पडद्यावर तंबाखू जास्त पाहिलेल्या मुलांमध्ये ती वापरून पाहिलेली असण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. त्यांनी नुसती सिगारेट मोजली नव्हती, सर्व प्रकारचा तंबाखू मोजला होता, आणि महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण कोणत्याही रूपात तंबाखू घेणारे होते २६.६ टक्के. आपल्याकडे तंबाखू तोंडात असतो. विदर्भात खर्रा, सांगली-कोल्हापुरात मावा, घरातल्या बायकांची मशेरी. नायकाच्या बोटांत महागडी सिगारेट असते, पण पोराच्या खिशात असतात दहा-वीस रुपये. धाडस तो पडद्यावरून उचलतो, माल त्याला टपरीवर जो परवडेल तो मिळतो.

आणि वय? २०१९ च्या राष्ट्रीय शालेय पाहणीत १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं सध्या तंबाखू घेत असल्याचं आढळलं. सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सुरू केल्याचं सरासरी वय होतं साडेअकरा. साडेअकरा म्हणजे पाचवी-सहावी! त्या वयाच्या मेंदूत निकोटिन काय करतं? ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं आणि आनंदाची जाणीव देणारी डोपामिनची यंत्रणा हलवतं. वाढत्या मेंदूत ही यंत्रणा अजून घडते आहे, आणि लगाम घालणारा पुढचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून रोज न ओढणाऱ्या, आठवड्याला दोन-चार ओढणाऱ्या मुलांमध्येही तलफ आणि चिडचिड दिसू लागते. "मी कधीही सोडू शकतो" असं तो तुम्हाला सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं.

तंबाखू कंपन्यांना हे सगळं डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. व्यसन न सोडणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना जो माल मारतो, त्या धंद्याला सतत नवं गिऱ्हाईक लागतं, आणि पंचविशीनंतर नव्याने सिगारेट धरणारा माणूस विरळा. म्हणून त्यांनी पडदा विकत घेतला. 'सुपरमॅन २' मध्ये मार्लबोरोची पाकिटंच नव्हे, तर त्या नावाचा अख्खा ट्रक आहे. १९८९ च्या 'लायसन्स टू किल' या बाँडपटात आपली सिगारेट दिसावी म्हणून एका कंपनीने साडेतीन लाख डॉलर मोजले होते. अमेरिकेत १९९८ च्या तडजोडीने असे पैसे देण्यावर बंदी आली. आपल्याकडे कोण कुणाला काय देतं याचे पुरावे माझ्याकडे नाहीत, म्हणून मी आरोप करत नाही. पण वेलचीच्या आणि पानमसाल्याच्या जाहिरातीत कोटी कोटी घेऊन उभे राहणारे चेहरे तुम्ही रोज बघता. तुमची मुलंही बघतात.

आता कलेच्या स्वातंत्र्याबद्दल. २००५ मध्ये केंद्र सरकारने पडद्यावर सिगारेट दाखवायलाच बंदी घातली होती. चित्रपटसृष्टी न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. खरं सांगू का, मलाही ती बंदी नको होती. चर्चिलवरच्या चित्रपटात चिरूट दिसणारच. (त्या भूमिकेसाठी एवढे चिरूट ओढावे लागले की आपल्याला निकोटिनची विषबाधा झाली, असं गॅरी ओल्डमनने स्वतः सांगितलं आहे. कलेची किंमत!) २०१३ मध्ये वूडी ॲलनने इशाऱ्याची पट्टी नको म्हणून 'ब्लू जॅस्मिन' भारतात प्रदर्शितच होऊ दिला नाही. अनेकांनी त्याला हट्टी म्हटलं. मला त्याचं म्हणणं पटतं. पट्टीने चित्रपटाचा विचका होतो, आणि मूलही वाचत नाही.

माझी मागणी वेगळी आहे. ज्या चित्रपटात किंवा मालिकेत तंबाखू दिसतो, त्याला 'ए' प्रमाणपत्र द्या. अपवाद दोनच. खऱ्या आयुष्यात तंबाखू घेणारी ऐतिहासिक व्यक्ती, आणि तंबाखूचे परिणाम स्पष्ट दाखवणारा प्रसंग. 'ए' दिलं की ती पट्टी काढून टाका, प्रौढांना त्यांची कला स्वच्छ पाहू द्या. जागतिक आरोग्य संघटना असंच वर्गीकरण गेली अनेक वर्षं सुचवते आहे. आपल्या सेन्सॉर बोर्डाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर धूम्रपानाला उत्तेजन देणारी, त्याचं गौरवीकरण करणारी दृश्यं दाखवू नयेत असं लिहिलेलंच आहे. चुंबन किती सेकंदांचं असावं यावर तिथे खल होतो. शिवी आली की आवाज बंद होतो. मशीनगनवर पेटवलेली सिगारेट मात्र गौरवीकरणात बसत नाही! आता यू/ए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत. मग या टप्प्यांत तंबाखूला जागा का नाही?

"मुलं 'ए' चित्रपटही बघतातच की!" बघतात. 'कबीर सिंग' (२०१९) ला 'ए' होतं. त्यात सिगारेट आणि दारूत बुडालेला नायक सर्जन आहे, आमच्याच व्यवसायातला. तुमच्या घरातल्या आठवी-नववीच्या मुलाने तो पाहिला आहे का, विचारून बघा. पण माझा भरवसा तिकीट तपासणाऱ्या माणसावर नाही, निर्मात्याच्या हिशेबावर आहे. 'ए' मिळालं की सुट्टीतलं कुटुंब जातं, शाळकरी पोरं जातात, टीव्हीचे हक्क अडतात. एवढं नुकसान सोसण्याइतकी ती सिगारेट कथेला खरंच गरजेची आहे का, हा प्रश्न मग डॉक्टरला विचारावा लागत नाही. निर्माताच दिग्दर्शकाला विचारतो. नव्वद टक्के सिगारेटी तिथेच विझतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, आकडेवारी नव्हे.

पट्टीचा आणखी एक पोकळपणा मला त्या दहावीतल्या मुलाने दाखवून दिला. "तो सिनेमा कुठे पाहिलास?" असं मी विचारलं. म्हणाला, "सिनेमा नाही पाहिला, रील पाहिली." वीस सेकंदांचा तुकडा, उभ्या चौकटीत कापलेला, वर दुसरंच गाणं चिकटवलेलं. कापताना खालची पट्टी गेली. सुरुवातीचा तीस सेकंदांचा संदेश तर सिनेमासोबतच मागे राहिला. उरला तो फक्त धूर. तोच तुकडा त्याने किती वेळा पाहिला असेल, कोण मोजणार? तुम्ही-आम्ही तरुणपणी महिन्या-दोन महिन्यांनी एक सिनेमा पाहायचो आणि "आम्ही नाही बिघडलो" म्हणतो. (तुमच्या वर्गातले जे बिघडले त्यांची नावंही आठवा, मला माझ्या वर्गातली चार आठवतात, त्यातले दोघे आज नाहीत.) आजच्या मुलाला तोच प्रसंग एका संध्याकाळी पन्नास वेळा दिसू शकतो.

सुरुवातीच्या संदेशाबद्दल मात्र न्याय केला पाहिजे. धूम्रपान असलेल्या चित्रपटाआधी चांगला बनवलेला तंबाखूविरोधी संदेश दाखवला, तर किशोरवयीन मुलांवर त्या दृश्यांचा होणारा परिणाम पुसला जातो, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. म्हणून थिएटरमधल्या त्या भयंकर चित्रफितीच्या वेळी पॉपकॉर्न आणायला उठू नका. मुलाला शेजारी बसवून बघा. ओंगळ वाटते ना? वाटू द्या.

घरात काय करायचं? मोबाइल फोडू नका, नटाला शिव्या घालू नका. तुम्ही शिव्या घातल्यात की तो नट आणखी मोठा होतो. पालकांनी प्रौढांचे चित्रपट पाहू न दिलेल्या मुलांमध्ये सिगारेट सुरू होण्याचं प्रमाण कमी असतं असं अभ्यासांत दिसलं आहे, तेव्हा "नाही म्हणजे नाही" म्हणायला कचरू नका. पण जे एकत्र बघता, त्यात बोला. सिगारेटचा प्रसंग आला की सहज विचारा, "याच्या हातात सिगारेट नसती तर हा सीन दिग्दर्शकाने कसा घेतला असता?" मुलं फार चांगली उत्तरं देतात. आणि बाँडपटातल्या त्या साडेतीन लाख डॉलरची गोष्ट सांगा. कर्करोगाची भीती या वयात चालत नाही, चाळीस वर्षांनंतरचं मरण त्यांना खरं वाटत नाही. पण कुणीतरी आपल्याला मूर्ख बनवून पैसे कमावतं आहे, याचा त्यांना मनापासून राग येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९९८ मध्ये नेमक्या याच रागावर मोहीम उभी केली आणि मुलांमधलं धूम्रपान खाली आणलं.

शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणं आणि १८ वर्षांखालच्यांना तो देणं, दोन्ही गुन्हे आहेत. सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. तुमच्या मुलाच्या शाळेसमोरून एकदा चालत जा आणि काय दिसतं ते पालकसभेत सांगा.

आणि सिगारेट किंवा पुडी सापडलीच, तर मारहाण आधी नको, मोजणी आधी करा. किती दिवस, रोज किती, सकाळी उठल्यावर किती वेळात लागते. उठल्या उठल्या लागत असेल तर ते व्यसन आहे, तिथे रागावून काही होणार नाही, डॉक्टरांकडे या. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, तिथे समुपदेशक बोलतात. त्या दहावीतल्या मुलाचं अजून तिथवर गेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा बोलावलं आहे, आणि या वेळी वडिलांनाही आत बसायला सांगितलं आहे.